मढ्याचं वाक्य

स्टुडिओत सगळे त्याला मढं म्हणत, आणि तोंडावर म्हणत. "मढं आलं का?", "मढ्याला आधी जेवून घ्यायला सांगा, नंतर पोट वाजतं त्याचं", "मढ्या, पाय जरा आवर, केबल न्यायचीय." त्याला वाईट वाटत नसे असं नाही. पण वाईट वाटलेलं चेहऱ्यावर दिसू न देणं हाच त्याचा धंदा होता, आणि धंद्यात तो पक्का होता.

आला होता तो दिवे उचलायला. एका खुनाच्या सिनेमात, खून झालेल्या माणसाला ऐन वेळी शिंक आली, मग दुसऱ्यांदाही आली, आणि वैतागलेल्या दिग्दर्शकाने हाताशी उभ्या असलेल्या या हडकुळ्या पोराला गालिच्यावर आडवं केलं. शॉट चालू असताना एक माशी त्याच्या ओठावर बसली. ओठावरून नाकपुडीपर्यंत सावकाश चालत गेली, आत डोकावली आणि परत फिरली. हा हलला नाही. त्या माशीने त्याचं आयुष्य ठरवून टाकलं. त्यानंतर तो विहिरीत तरंगला, गाडीच्या डिकीत घडी होऊन पडला, जिन्यावरून गडगडत आला, आणि एका युद्धाच्या सिनेमात तर एकाच दुपारी दोन्ही बाजूंनी मेला.

श्वासाचं त्याचं स्वतःचं तंत्र होतं. छातीने घ्यायचाच नाही. गादीला टेकलेल्या बाजूने, कमरेच्या मागून, चोरून थोडा ओढायचा आणि तितकाच चोरून सोडायचा. 'कॅमेरा' हा शब्द कानावर पडला की छाती जागच्या जागी थिजायची. सुरुवातीला तो ती थिजवत असे. पुढे पुढे ती आपली आपणच थिजू लागली.

घरात मात्र या कामाला कुणी हसत नसे. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी बायकोचं शिलाई मशीन. ती दुकानांसाठी पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायची. मशीन चालू असलं की बोलावं लागत नाही, म्हणून ते बहुतेक वेळ चालूच असे.

हे आधीपासून असं नव्हतं. सासू आजारी पडली तेव्हा दवाखान्यात तिच्या उशाशी बसायला हाच होता. बायकोला शिवण टाकून रोज येता येत नव्हतं, मेहुण्याचा पाय कामातून निघत नव्हता. याला कामं कमी होती, आणि नुसतं बसून राहण्याचा कंटाळाही नव्हता. तो तासन्‌तास म्हातारीकडे बघत बसे. "पोटच्या मुलाने केलं नसतं एवढं भाऊजींनी केलं," असं मेहुणाच चारचौघांत म्हणाला होता, डोळे पुसत. म्हातारी गेली तेव्हा तिघंही खोलीत होते.

मग काही महिन्यांनी एक कौटुंबिक सिनेमा लागला. त्यात घरातला म्हातारा व्यापारी मरतो. नवऱ्याला पडद्यावर बघायचं म्हणून बायको भावाला घेऊन गेली, आणि पडद्यावर तिला तिची आई दिसली. जबडा डावीकडे किंचित कललेला. एक पापणी पुरती मिटलेली, दुसरी अर्धवट. उजव्या हाताचं एकच बोट चादरीच्या काठात अडकवलेलं, कुणी चादर ओढून नेईल अशा धास्तीने. त्या बोटाची गोष्ट त्या तिघांखेरीज जगात कुणाला ठाऊक नव्हती.

बायको मधूनच उठून बाहेर आली. मेहुणा शेवटपर्यंत बसला, खात्री करून घ्यायला.

"आईच्या उशाशी बसून तुम्ही हे करत होतात?" तिने घरी आल्यावर विचारलं.

"बघत होतो फक्त. बघितलेलं माझ्या लक्षात राहतं. त्याला मी काय करू?"

उत्तर खरं होतं, म्हणूनच त्याला माफी मिळाली नाही.

मेहुणा स्टुडिओला माणसं पुरवायचा. गर्दी, सैनिक, कैदी, बाजारातली गिऱ्हाइकं, दवाखान्यातले रोगी, जे लागेल ते. अंगाने आडवा, जिन्याच्या चार पायऱ्या चढला की धापा टाकणारा. त्या सिनेमानंतर तो बहिणीच्या नवऱ्याला काम देणं बंद करील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्याने उलट जास्त काम दिलं. कुणी कारण विचारलं तर म्हणायचा, "बहिणीच्या नवऱ्याला रोज मेलेलं बघायला मिळतं. एवढं सुख कुणाच्या नशिबात असतं?" ऐकणारे हसत. तो हसत नसे.

अशात तो सिनेमा आला. खाणीत माणसं अडकली आहेत, बाहेर यायची वाट एकाच म्हाताऱ्या अभियंत्याला ठाऊक, आणि तो डोक्यात दगडाची कपची रुतून बेशुद्ध. मग चार शूर गिर्यारोहकांना एका यंत्रात घालून मोहरीहून लहान करतात. ते दोर आणि कुदळी घेऊन म्हाताऱ्याच्या नाकातून आत उतरतात, फुप्फुसांतल्या वादळातून आणि हृदयाच्या उघडझाप करणाऱ्या दारांतून वाट काढत मेंदूपर्यंत चढतात, ती कपची उपसून काढतात आणि कानातून बाहेर येतात. सिनेमाच्या शेवटी म्हातारा डोळे उघडतो. समोर ते चौघं, आता पुन्हा मोठे झालेले. म्हातारा त्यांना म्हणतो, "इतका वेळ कुठे होता तुम्ही?" आणि नकाशावर बोट ठेवतो.

"वाक्य आहे तुम्हाला," मेहुण्याने सांगितलं, एखादा रोग निघाल्याचं सांगावं तसं. "दिग्दर्शकाला तुमच्यासारखं पडणारं दुसरं कुणी सापडलं नाही. नाहीतर मी दिलं नसतं."

वाक्य! अर्धं आयुष्य पडद्यावर काढलेल्या माणसाचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो घरी चालत आला आणि वाटेत ते वाक्य निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणत राहिला. भाजीवाल्याने वळून बघितलं. घरात शिरल्या शिरल्या त्याने बायकोला सांगितलं, "आख्खा सिनेमा माझ्या आत घडतो."

मशीन थांबलं. "आत म्हणजे?"

"शरीरात. नाकातून शिरतात."

"आणि सापडतं काही?" तिने विचारलं, आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

मोठ्या गोदामात त्याचं आतलं शरीर उभं राहिलं. स्पंजचे डोंगर, रबराच्या पडद्यांची हृदयाची दारं, फुप्फुसांच्या गुहेत वारा सोडायला पुरुषभर उंचीचे पंखे. शेजारच्या लहानशा खोलीत एक खाट, पांढरी चादर आणि तो. गोदामात माणसं दोराला लोंबकळत किंचाळायची, इकडे तो शांत पडून असायचा. नायक रोज सकाळी खिळ्यांचे बूट खाडखाड वाजवत त्याच्या दारावरून जाई आणि ओरडे, "काका, आज घशात उतरतोय तुमच्या. खोकलात तर याद राखा!" भोवतालचे दात काढत. त्याला नायकाचा राग येई, पण रागाची त्याला सवय नव्हती. तो डोळे मिटून घेई आणि सगळं पोटात ठेवी.

आतला भाग संपत आला तेव्हा दिग्दर्शकाने आतलं आणि बाहेरचं जोडून बघितलं. दिग्दर्शक तरुण होता, काडीसारखा, आणि चिडला की त्याचा आवाज चढायच्या ऐवजी खाली जायचा. त्या दिवशी तो जवळजवळ ऐकूच येईना. त्याने मढ्याला छोट्या पडद्यासमोर उभं केलं.

"बघा, काका."

फुप्फुसात वादळ. चार माणसं दोराला धरून पानांसारखी फडफडतायत. नायकाची टोपी उडते. नायिका एका स्पंजच्या सुळक्याला मिठी मारते. लगेच पुढचा शॉट बाहेरचा. खाटेवर म्हातारा. छाती फरशीसारखी.

"काय दिसतं?"

"चांगलं पडलोय," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं.

"मेलेले आहात तुम्ही!" दिग्दर्शक कुजबुजला. "आत वादळ चाललंय आणि बाहेर प्रेत! ही माणसं मेलेल्या माणसात का शिरतील? त्याला जागं करायला? तुम्ही बेशुद्ध आहात, काका. बेशुद्ध माणूस श्वास घेतो. एकाही शॉटमध्ये, एकाही, तुम्ही श्वास घेतलेला नाही!"

त्याने सगळे शॉट बघितले. खरंच घेतला नव्हता. त्याला कुणी मरायला सांगितलं नव्हतं. ते तो सवयीनेच करून बसला होता.

बाहेरचं सगळं नव्याने करायचं ठरलं. दिवे लागले. तो आडवा झाला, आणि मुद्दाम मोठमोठे श्वास घेऊ लागला. छाती छान वरखाली होत होती. "कॅमेरा," दिग्दर्शक म्हणाला, आणि छाती थिजली. पुन्हा. "कॅमेरा." पुन्हा थिजली. मग दिग्दर्शकाने तो शब्द उच्चारायचा नाही असं सगळ्यांना बजावलं, नुसती बोटाने खूण केली. त्याच्या कानांना यंत्राची बारीकशी घरघर कळली, आणि झालं. सामानवाल्याने सदऱ्याखाली रबरी फुगा बांधून नळीने हवा भरून बघितली. छातीच्या मधोमध बेडकाचा गळा फुगावा तसा उंचवटा फुगायचा आणि बसायचा. प्रकाशवाला हसता हसता शिडीवरून पडता पडता वाचला.

"उद्या दुसरा माणूस," दिग्दर्शक मेहुण्याला म्हणाला. "कुणीही आणा. फक्त जिवंत पाहिजे."

"दुसरा कशाला? मीच पडतो की," मेहुणा म्हणाला. "माझा श्वास रस्त्यापर्यंत ऐकू जातो."

खाटेवर पडल्या पडल्या त्याने हे ऐकलं. आपलं वाक्य मेहुण्याच्या तोंडात जाताना त्याला दिसलं. उठून काहीतरी बोलावं असं त्याच्या मनात आलं, पण दिवे अजून त्याच्यावर होते, आणि दिव्यांखाली उठायची त्याला सवय नव्हती.

मेहुणा धापा टाकत खाटेशी आला आणि वाकला. "उठा भाऊजी. सदरा काढा. मेलेल्याचेही कपडे उतरवतातच की. आणि ते वाक्य काय ते सांगून ठेवा मला. मी नीट म्हणेन. तुमच्यासारखं उसनं आणून नाही म्हणणार."

कॅमेरा बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कॅमेरामन एकदम ओरडला, "हलतंय! छाती हलतेय!"

खरंच हलत होती. वर येत होती, थरथरत होती, खाली जात होती.

"बोला!" दिग्दर्शक मेहुण्यावर खेकसला. "थांबू नका, बोलत राहा!"

"काय बोलू?"

"तेच! घालूनपाडून!"

मेहुण्याला असं काम आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून कॅमेऱ्याच्या शेजारी त्याच्यासाठी एक खुर्ची मांडली गेली. दिवे लागत, खूण होई, आणि मेहुणा सुरू करी. भाऊजींच्या हाडांपासून सुरुवात व्हायची. मग त्यांची कमाई, त्यांचं खाणं, त्यांची अक्कल. "लग्नात बघितलं तेव्हाच मी ताईला म्हटलं होतं, हा माणूस उभा आहे की टेकवून ठेवलाय?" "घरात दोन खोल्या, आणि यांच्यामुळे दोन्ही रिकाम्या वाटतात!" छाती वरखाली होत राहिली. लांबून, जवळून, बाजूने, नुसत्या नाकपुड्या, नुसता गळा. आतल्या वादळाला बाहेरचं वादळ जुळू लागलं. दुपारच्या सुट्टीत मेहुणा घसा शेकायला गरम पाणी प्यायचा, आणि मढं त्याच्यापासून दूर, भिंतीकडे तोंड करून डबा खायचं. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. बोलायचं ते सगळं कामात होऊन जात असे.

पण शिव्याही झिजतात. काही दिवसांनी छाती पुन्हा मंद पडू लागली. हृदयाचा प्रसंग चालला होता. बाहेरच्या शॉटमध्ये म्हाताऱ्याचा श्वास एकदम चढतो असं हवं होतं. मेहुणा हाडांवरून कमाईवर आला, कमाईवरून अकलेवर, आणि अडला. दिग्दर्शक मानेने 'पुढे, पुढे' करत होता.

तेव्हा मेहुण्याचा आवाज बदलला. "तू," तो म्हणाला. आजवर त्याने भाऊजींना कधी अरे-तुरे केलं नव्हतं, शिव्या देतानाही नाही. "तू माझ्या आईच्या उशाशी बसलास. ती पाणी मागायची तेव्हा तू आधी तिचे ओठ बघून घ्यायचास आणि मग पाणी द्यायचास. मला वाटलं, किती जीव आहे याचा! मी लोकांना सांगितलं. ती चादरीला बोट अडकवून गेली, आणि ते बोट तू उचललंस. सगळ्या गावाला दाखवलंस. माझी बहीण त्या दिवसापासून मशीनशी बोलते. तू मेलास ना खरंच, तर मी तुला बघायला येणार नाही. मी बघितलंय. माझ्या आईचं बघितलंय, तुझं वेगळं काय असणार?"

कुणी हललं नाही. सामानवाला हातातली दोरी तशीच धरून उभा राहिला. खाटेवरच्या माणसाची छाती अशी उसळत होती की चादर घसरली. तो शॉट पुढे सगळ्यांनी वाखाणला. संपल्यावर मेहुणा खुर्चीवरून उठला आणि न विचारता बाहेर निघून गेला. तो पुन्हा त्या खुर्चीवर बसला नाही, आणि तशी गरजही पडली नाही. त्यानंतर दिवे लागले की छाती आपली आपण चालू लागे.

आता राहिलं होतं फक्त वाक्य.

तालमीत त्याने डोळे उघडले आणि दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "काका, हे जागं होणं नाही. हे प्रेताने डोळे उघडणं झालं. लोक खुर्च्या सोडून पळतील."

"मग कसं करू?"

"जागे होता की रोज! तसं करा."

पण आपण जागं होताना कसे दिसतो हे कुणाला माहीत असतं? त्याने आरशासमोर डोळे मिटून उघडून बघितले. आरशात एक माणूस डोळे मिटून उघडत होता. आजवर त्याने जे जे केलं ते कुणाचं ना कुणाचं बघून केलं होतं, आणि ज्यांना बघितलं ते सगळे दुसऱ्या दिशेने गेलेले होते. परत आलेला एकही चेहरा त्याच्यापाशी नव्हता. "उद्यापर्यंत," दिग्दर्शक म्हणाला. "नाही जमलं तर मिटल्या डोळ्यांवरून सरळ नकाशावर जातो आणि संपवतो. वाक्य गेलं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळी तो उठून बसला. आतल्या खोलीत त्यांच्या दोन गाद्या, मधे हातभर जमीन. खिडकीतून करडा उजेड येत होता. बायको त्याच्याकडे तोंड करून झोपली होती. जागी असताना ती या कुशीवर कधी वळत नसे. बोटांवर सुईच्या टोचण्यांचे ठिपके. तो गुडघ्यांवर हनुवटी टेकून बघत राहिला. ही चोरी आहे हे त्याला कळत होतं. तरी त्याने डोळे वळवले नाहीत.

आधी तिच्या भुवया हलल्या. मग ओठ एकमेकांपासून सुटले, घोटभर हवा गिळल्यासारखे. पापण्या उघडल्या, आणि एक क्षणभर, अगदीच क्षणभर, तिच्या चेहऱ्यावर कशाचंच ओझं नव्हतं. ती कुठेही असू शकली असती. कुणाचीही. मग नजर त्याच्यावर येऊन टेकली, आणि तिला सगळं आठवलं. गाल आवळले. डोळ्यांतलं पाणी जणू कुणीतरी आतून ओढून घेतलं.

"काय बघताय?" ती म्हणाली आणि कोपरावर उठली. "आता माझा नंबर लागला का?"

"नाही ग. तसं नाही."

"मग कसं?" तिने पाठ वळवली आणि चादर कानापर्यंत ओढली. "माझ्या आईला निदान कळत तरी नव्हतं."

त्या दिवशी शेवटच्या शॉटला सगळे जमले होते. गोदामात त्याची फुप्फुसं उपटून गाडीत भरणं चाललं होतं, त्याची दणादण ऐकू येत होती. ठरल्याप्रमाणे नायक आणि बाकीचे तिघं खाटेशी उभे राहिले. मेहुणाही आला होता, दाराशी, पाठ भिंतीला लावून.

"कॅमेरा."

त्याच्या भुवया हलल्या. ओठ सुटले. पापण्या उघडल्या, आणि खोलीतल्या प्रत्येकाला क्षणभर असं वाटलं की हा माणूस फार दुरून आलाय आणि आल्याचा त्याला आनंद आहे. मग त्याची नजर नायकावर टेकली. गाल आवळले. डोळे आत गेले.

"इतका वेळ कुठे होता तुम्ही?" तो म्हणाला.

आवाज घोगरा होता, हळू होता, आणि त्यात माया नावाला नव्हती. नायक एक पाऊल मागे सरकला. ते संहितेत नव्हतं.

"कट," दिग्दर्शक म्हणाला, आणि मग त्याचा आवाज खाली खाली गेला. "काका, या लोकांनी तुमचा जीव वाचवलाय. तुमच्या पोटातून फिरून आलेत. आणि तुम्ही त्यांच्याकडे असं बघता? जरा हसा. कृतज्ञता! पुन्हा घेऊ."

"हसत कुणी जागं होत नाही," मढं म्हणालं.

सगळ्यांनी माना वळवल्या. खाटेवरून आजवर कुणी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"तुम्ही मला शिकवणार?"

"मला हसून जमणार नाही, साहेब. ठेवायचं तर हे ठेवा."

"मग वाक्य जाईल."

त्याने मान हलवली, आणि ती होकाराची होती की नकाराची हे त्याचं त्यालाही नीट कळलं नाही. एवढ्यात नायक छोट्या पडद्याशी गेला आणि शॉट परत लावायला लावला. त्यात त्याने स्वतःचा चेहरा बघितला. भेदरलेला, उघडा पडलेला, आयुष्यात पहिल्यांदाच खराखुरा. तो ते पुन्हा पुन्हा बघत राहिला.

"हाच ठेवायचा," नायक म्हणाला. "पुन्हा नाही देणार मी. म्हातारा गेला खड्ड्यात, माझं तोंड बघा केवढं बोलतंय!"

नायकापुढे दिग्दर्शकाचं काही चाललं नाही. वाक्य राहिलं.

मढं खाटेवरून पाय खाली सोडत होतं तेव्हा मेहुणा समोर येऊन उभा राहिला. तो धापा टाकत होता, जिना न चढताच.

"ही ताई होती," तो म्हणाला. "लहानपणापासून ती अशी उठायची. फक्त पहिला भाग. तो दुसरा, तो तुम्ही तिला लावलात." तो परत 'तुम्ही'वर आला होता, आणि ते अरे-तुरेपेक्षा थंड होतं. "सांगतो मी तिला."

"सांग."

तो घरी पोचायच्या आधी मेहुणा पोचला होता. बायको मशीनशी बसली होती, आणि मशीन बंद होतं. समोर निम्मा शिवलेला पडदा. मेहुणा दाराशी उभा होता. त्याने चपला काढल्याच नव्हत्या.

"तू जा आता," ती भावाला म्हणाली.

"ताई, मी थांबतो. या माणसाला…"

"जा म्हटलं ना."

मेहुणा गेला. जिन्यावर त्याच्या धापा बराच वेळ ऐकू येत राहिल्या. तिने पडद्याची कड बोटांनी सरळ केली.

"कशी दिसते मी?" तिने विचारलं.

"कधी?"

"उठताना. तुम्ही करून दाखवलंत म्हणे सगळ्यांना. मी कुठे कधी बघितलंय स्वतःला!"

खोटं बोलायला वाव होता. पण खोटं बोलायचं काम त्याने कधी केलं नव्हतं, त्याचं काम बघितलेलं तसंच ठेवायचं होतं. "आधी चांगली दिसतेस," तो म्हणाला. "क्षणभरच. कुणाशीच भांडण नसल्यासारखी. मग मी दिसतो तुला."

"मग?"

"मग नाही दिसत तशी."

"तेही केलंत तिथे?"

"केलं. नायक मागे सरकला."

तिची बोटं थांबली. "सरकला?"

"हो."

तिने दोरा दातांनी तोडला. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, हसू म्हणावं इतकं नाही. "म्हणजे बरोबर केलंत," ती म्हणाली.

मग ती उठली, आत गेली आणि त्याची गादी गुंडाळून घेऊन आली. बाहेरच्या खोलीत मशीनच्या पायांशी जेवढी जागा होती तेवढ्यात तिने ती पसरली, उशी ठेवली, चादर नीट चौपदरी घडी करून वर ठेवली. रागात असली तरी तिची घडी कधी वाकडी पडत नसे.

"मी उठते तेव्हा तुम्ही समोर नकोत," ती म्हणाली. "आईचं झालं, माझं झालं. आता घरात न्यायला काही राहिलं नाही."

तो गादीच्या काठावर बसला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्याच्यापाशी एकच गोष्ट होती. "वाक्य ठेवलं त्यांनी," तो म्हणाला. "सिनेमात राहणार आहे."

"कोणतं?"

"इतका वेळ कुठे होता तुम्ही."

ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यात थांबली. वळली नाही.

"ते माझं नाही," ती म्हणाली. "तुम्ही कुठे होतात ते मला माहीत होतं."

आणि तिने दार लावून घेतलं.